सव्वादहाच्या घारी

मार्च लागला की भोपाळच्या हवेचं काही खरं नसतं. सकाळी सातला शाल हवीशी वाटते आणि अकराला हात पंख्याचं बटण शोधत भिंतीवर जातो. अशाच एका सकाळी मी नववीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसले होते. एका मुलीने पानाची सुरेख आकृती काढून तिच्याखाली 'फुप्फुस' असं लिहिलं होतं, आणि तिला अर्धा तरी गुण कसा द्यावा या विचारात माझं लाल पेन अडलं होतं. तेवढ्यात मागच्या कडुनिंबातून आवाज आला. टी-टू. टी-टू. धारदार, दोन तुकड्यांचा. पेरूवरची खार चिरकायला लागली ती थांबेना, आणि पाण्याच्या परळावरचे बुलबुल कुठे गडप झाले ते कळलंसुद्धा नाही.

दुसऱ्या कुणाच्या बागेत चार वर्षांनी शिक्र्यासारखा शिकारी पक्षी परतला असता तर त्या घरात आनंद झाला असता. मी उठून मागची खिडकी लावून घेतली. व्हरांड्यातून बाबांनी हाक मारली, वसू, बाईसाहेब आल्या गं. त्यांच्या आवाजात हर्ष मावत नव्हता.

आमचं घर गोविंदपुऱ्याच्या पलीकडे. कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांनी बांधलेली पंधरा-वीस घरं, प्रत्येकाच्या मागे बागेचा एक लांब पट्टा. बाबा तरुणपणी नागपूरहून नोकरीसाठी इथे आले आणि सगळी नोकरी त्यांनी तपासणी विभागात काढली. दुसऱ्यांनी बनवलेले भाग गेज लावून तपासायचे, आणि केसभर जरी फरक असला तरी परत पाठवायचे. वरिष्ठांनी डोळे वटारले तरी चुकीच्या भागावर 'ठीक' असा शेरा त्यांनी कधी मारला नाही. त्यापायी बढती उशिरा मिळाली असं आई सांगायची. त्या सांगण्यात तक्रार किती आणि अभिमान किती, हे मला कधीच कळलं नाही.

आई गेली. मी लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे घरात आम्ही दोघंच उरलो, बाप आणि लेक. मी शाळेत विज्ञान शिकवायला जायची आणि बाबांना दिवसभर तपासायला काही नसायचं, म्हणून त्यांनी बाग तपासायला घेतली. एक लांबडं रजिस्टर आणलं, पट्टीने रकाने आखले. तारीख, वेळ, पक्षी, संख्या, शेरा. 'दयाळ, एक. गळा चांगला.' 'सातभाई, नऊ. आपसांत भांडण.' 'कोकीळ. ऐकू आला, दिसला नाही, म्हणून धरला नाही.' असला त्यांचा कारभार. मी संध्याकाळी चहा घेता घेता ते वाचायची आणि हसायची. माझ्या वर्गातल्या मुलींनी प्रयोगवही इतकी प्रामाणिकपणे लिहिली असती तर मी धन्य झाले असते.

त्या रजिस्टरात शिक्रा आला तेव्हा पहिल्यांदा शेऱ्याचा रकाना अपुरा पडला. पारव्याएवढा पक्षी. पाठ राखी, छातीवर तांबूस आडव्या रेघा. नर लहान, त्याचे डोळे लाल. मादी थोराड, तिचे पिवळे. आंब्याच्या दाट पानांत ती तासन्‌तास अशी बसायची की दुर्बिणीतूनही सापडू नये. आणि मग एकच झेप. होल्यांचा थवा फडफडत उधळायचा, जमिनीवर चार पिसं उरायची. पहिल्यांदा तिने माझ्या डोळ्यांदेखत बुलबुल उचलला तेव्हा मी भांडं वाजवत बागेत धावले होते. बाबा शांतपणे म्हणाले, अगं, तिने काय वरणभात खायचा? त्यांनीच तिचं नाव बाईसाहेब ठेवलं. नराला नुसतं साहेब. साहेब सरडा घेऊन आले, बाईसाहेबांनी तो हिसकावून घेतला आणि वर ओरडल्या, अशी बातमी मला शाळेतून आल्याबरोबर मिळायची.

चार वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. चैत्र सरत आला होता. कडुनिंबाचा मोहोर गळून व्हरांड्यात पांढरी रांगोळी व्हायची, ती मी झाडायची, की पुन्हा व्हायची. कडुनिंबाच्या उंच दुबेळक्यात बाईसाहेबांनी काटक्यांचं ओबडधोबड घरटं केलं होतं आणि त्या अंड्यांवर बसल्या होत्या. त्याच दिवसांत बाबांना दोन पायऱ्या चढल्या की दम लागू लागला. तपासण्या झाल्या. हृदयाची एक झडप निकामी होत आली होती. ऑपरेशन करायलाच हवं होतं, पण साखर इतकी वाढलेली की आधी ती खाली आणायची, मग कापायचं. डॉक्टरांनी साधारण तीन आठवड्यांनंतरची तारीख दिली. वय बघता ते कशाचीच खात्री देत नव्हते, आणि मलाही कुणी खोटी खात्री दिलेली चालली नसती. पण त्या दिवशी दवाखान्यातून स्कूटर चालवत येताना मला ती खोटी खात्रीच हवी होती, अगदी भिकाऱ्यासारखी.

शाळेत हिंदी शिकवणाऱ्या शहनाज़ आपा माझ्याहून दहा वर्षांनी मोठ्या. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी-शेजारी. मी रजेचा अर्ज फाडून तिसऱ्यांदा लिहीत होते, ते त्यांनी पाहिलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "अब्बा के सिर से सदक़ा उतार दो, वसुधा. थोड़ा गोश्त चीलों को डलवा दो. बला टल जाती है."

भोपाळात वाढलेल्या माणसाला यात नवल काही नाही. जुन्या शहरात, तलावाच्या काठी, माणसं आजाऱ्यावरून उतरलेलं मांस आकाशात भिरकावताना मी लहानपणापासून पाहिलेली आहेत. घारी खाली झेपावतात, वरच्या वर झेलतात, आणि आजार त्यांच्याबरोबर उडून जातो अशी श्रद्धा. पण ती बसच्या खिडकीतून बघायची गोष्ट होती. आमच्या घरात अंड्याचा केकसुद्धा बाहेरच्या बाहेर खाऊन तोंड धुऊन यायची पद्धत. मी आपांना म्हटलं, मी विज्ञानाची बाई, मला असलं काय सांगता?  दुसऱ्या दिवशी त्या माझ्या घरी आल्या आणि कागदात, पिशवीत, पुन्हा पिशवीत गुंडाळलेलं एक पुडकं माझ्या हातात ठेवून गेल्या. तुला हात लावावा लागणार नाही, असं मात्र आवर्जून सांगितलं.

आता हे पुडकं घेऊन मी तलावावर गेले असते, वाऱ्यावर भिरकावून परत आले असते, तर पुढचं काहीच झालं नसतं. पण आमच्या हाडांत जे मुरलंय ते काही जात नाही. डोक्यावरून उतरायचं म्हटल्यावर मला आठवली ती आईची दृष्ट काढण्याची पद्धत. मीठ-मोहऱ्या मुठीत घेऊन, डोक्यावरून पायापर्यंत, आणि मग ते घराबाहेर नाही, तिथल्या तिथे चुलीत. मधे कुणाशी बोलायचं नाही, उंबरा ओलांडायचा नाही. मग हे तरी मी उंबरा ओलांडून कसं नेणार? बाबा साडेनऊच्या गोळ्या घेतल्या की दहाच्या सुमारास व्हरांड्यातल्या वेताच्या खुर्चीत डोळे मिटून पडायचे. मी चोरपावलांनी गेले, श्वास रोखून ती पिशवी त्यांच्या डोक्यावरून सात वेळा फिरवली, आणि तशीच गच्चीवर चढले. बरोबर त्यांच्या खुर्चीच्या वर उभी राहिले. आईची स्वयंपाकघरातली जुनी सांडशी होती, तिने एकेक तुकडा उचलून हवेत टाकला. घड्याळात सव्वादहा झाले होते.

एकही घार आली नाही. कावळे आले. कुठून आले कोण जाणे, सात-आठ कावळ्यांनी दोन मिनिटांत सगळं उचलून नेलं. मी गच्चीवर उभी राहून रडकुंडीला आले. आता हे धरायचं की नाही? आपांना विचारायची लाज वाटत होती, कारण त्यांच्यापुढे मी विज्ञानाची बाई होते ना. मग माझी मीच ठरवून मोकळी झाले. आमच्याकडे एकदाच करून सोडून देण्यासारखं काही असतंच कुठे? अकरा, सोळा, एकवीस. ऑपरेशनला बरोबर एकवीस दिवस होते. मी मनात संकल्प सोडला की रोज टाकीन, एक दिवस चुकणार नाही. वर त्या एकवीस दिवसांत गोड खाणार नाही असंही ठरवलं, जसं काही घारींना माझ्या चहातल्या साखरेशी देणंघेणं होतं.

मांस कुठून आणायचं? चार कॉलन्या ओलांडून एका दुकानात, जिथे मला कुणी ओळखत नव्हतं. उन्हापासून बचावासाठी इथल्या मुली दुपट्टा तोंडाला गुंडाळतात, तशी मी सकाळी आठ वाजताच गुंडाळून जायची, डाकूसारखी. दुकानदाराने तिसऱ्या दिवशी विचारलं, "मैडम, बिल्ली पाली है क्या?" मी म्हटलं, हो, मांजर. त्यानंतर तो रोज माझ्या मांजरीची चौकशी करायचा, आणि मी रोज तिच्या तब्येतीबद्दल सांगायची. आज थोडं खाल्लं. आज पाय सुजलेत. आज रात्रभर झोप नाही. एकदा सांगता सांगता माझे डोळे भरून आले, तेव्हा त्या बिचाऱ्याने पुडक्यात चांगल्यातले दोन तुकडे जास्त घातले.

तिसऱ्या दिवशी पहिली घार आली. हवेत उंच एक ठिपका, मग तो मोठा होत गेला, आणि तिने इतक्या सफाईने तुकडा झेलला की तिच्या पंखांचा वारा माझ्या कपाळाला लागला. मला हुंदका फुटला. खोटं कशाला बोलू, मी त्या क्षणी शंभर टक्के विश्वास ठेवला. पाचव्या दिवशी चार आल्या. दहाव्या दिवशी मी गच्चीचं दार उघडायच्या आत त्या वर घिरट्या घालत होत्या, चौदा-पंधरा तरी. त्यांना माझी वेळ कळली होती. मला वाटलं, माझं काम मार्गी लागलं.

आणि खाली व्हरांड्यात काय चाललं होतं? बाबांचा जीव घरट्यात गुंतला होता. बाराव्या दिवशी त्यांनी मला हाताला धरून खुर्चीत बसवलं, दुर्बीण डोळ्याला लावून दिली आणि म्हणाले, काटक्यांच्या डाव्या कडेला बघ. दोन पांढरी डोकी. कापसाच्या बोंडाएवढी, डुगडुगणारी. चोची उघडून गप्प बसलेली. बाईसाहेब सरड्याचे धागे-धागे काढून त्यांना भरवत होत्या, इतक्या हळुवारपणे की ही तीच बाई का, असा प्रश्न पडावा. बाबांचा चेहरा कितीतरी दिवसांनी उजळला होता. पिलं उडेपर्यंत तारीख पुढे ढकलता येईल का, ते डॉक्टरांना विचारशील का, असं त्यांनी मला विचारलं. मी फोन केला. येणार नाही, असं उत्तर आलं. बाबा बरं म्हणाले आणि रजिस्टरात काहीतरी लिहीत बसले.

मी घारींना आणलं होतं, पण त्या गच्चीपुरत्याच येतील असं मी धरून चालले होते. विज्ञान शिकवते म्हणे! दहाच्या आधीच त्या कडुनिंबावर येऊन बसू लागल्या. त्यांच्यामागे कावळे. बाईसाहेब सुरीसारख्या त्यांच्यावर तुटून पडायच्या, एकीला हाकलून परत येईतो दुसरी फांदीवर. साहेब शिकार आणायचे ते कावळे हिसकावून घ्यायचे. टी-टू, टी-टू असा तो आकांत आता दिवसभर चालायचा. रजिस्टरात बाबांनी लिहिलं होतं, 'घारी, चौदा. यापूर्वी बागेत कधी नाहीत. कारण अज्ञात.' मी ते वाचलं आणि रजिस्टर मिटून जागच्या जागी ठेवलं.

अठराव्या दिवशी मी गच्चीवर होते. सांडशीत तुकडा होता, हात उचललेला होता. बाईसाहेब एका घारीमागे पार रस्त्यापर्यंत गेल्या होत्या. दुसरी घार माझ्याकडे वळली, आणि मग तिला सोपं काहीतरी दिसलं. ती माझ्या हाताकडे आलीच नाही. कडुनिंबात शिरली, क्षणभर पंख अडखळले, आणि बाहेर आली तेव्हा तिच्या पायांत काहीतरी पांढरं होतं. खालून बाबांचा आवाज आला. शब्द नव्हते, नुसताच आवाज.

आता जे सांगते ते मी चार वर्षं कुणाला सांगितलेलं नाही. मी थांबले नाही. थांबायला हवं होतं हे मला त्याच मिनिटाला कळलं होतं. दुसरं पिलू अजून घरट्यात होतं. पण तीन दिवस राहिले होते, आणि मोडलेला संकल्प घेऊन बाबांना ऑपरेशनच्या टेबलावर पाठवायची माझी छाती झाली नाही. समजा मी थांबले आणि त्यांचं काही बरंवाईट झालं, तर? एका पारड्यात बाबा, दुसऱ्यात ते कापसाचं बोंड. मी एकोणिसाव्या दिवशी टाकलं. विसाव्या दिवशी टाकलं. त्या दिवशी दुपारी कावळ्यांनी दुसरं पिलू नेलं. एकविसाव्या दिवशीही, रिकाम्या घरट्यासमोर, मी सांडशी धरून उभी राहिले आणि शेवटचा तुकडा हवेत टाकला. बाईसाहेब सुकलेल्या फांदीवर बसून होत्या, एकदाही ओरडल्या नाहीत.

बाबा वाचले. ऑपरेशन उत्तम झालं, आठव्या दिवशी घरी आले, महिनाभरात बागेत फिरू लागले. डॉक्टरांचं कौशल्य, औषधं, बाबांची चिवट प्रकृती. हे सगळं मला कळतं, मी वर्गात हेच शिकवते. पण मनाचा एक कोपरा आहे तो ऐकत नाही. त्याला वाटतं की बाबांच्या बदल्यात मोल घेतलं गेलं, फक्त मी देऊ केलं होतं ते नव्हे. पेढे वाटायला गेले तेव्हा मी शहनाज़ आपांना सगळं सांगितलं, एकवीस दिवसांचंही, पिलांचंही, फक्त पहिलं पिलू गेल्यावरही मी थांबले नाही, एवढं वगळून. आपांनी कपाळाला हात लावला. "अरे पगली, सदक़ा एक बार का होता है. तुमने तो लंगर खोल दिया."  मग त्यांना पिलांचं आठवलं, आणि हातातला पेढा त्यांनी तसाच कागदात ठेवला.

घारी पुढे कित्येक दिवस येत राहिल्या. सव्वादहा वाजले की घरावर घिरट्या. शेजारीपाजारी विचारायचे, तुमच्याकडे काय मेलंय का? पावसाळा लागला तेव्हा कुठे त्यांनी नाद सोडला. शिक्रा मात्र गेला तो गेलाच. पुढच्या वर्षी घरटं नाही, त्याच्या पुढच्या वर्षी नाही. बाबा दर मार्चमध्ये दुर्बिणीच्या काचा पुसून ठेवायचे आणि एप्रिल संपला की पेटीत घालायचे. मला ते बघवत नसे. बागेत निघायच्या आधी मी मान वर करून आकाश बघायची, ती सवय आता लागली ती लागलीच.

आणि या मार्चमध्ये बाईसाहेब आल्या. त्याच आहेत की दुसऱ्या कुणी, हे कोण सांगणार? बाबा म्हणतात त्याच. पुन्हा काटक्या, पुन्हा तोच दुबेळका, पुन्हा साहेब चोचीत सरडा धरून तिष्ठत उभे. आणि पुन्हा दोन पायऱ्यांवर बाबांचा दम. योगायोग म्हणायचा, दुसरं काय. या वेळी दुसरी झडप. बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत, डॉक्टर तरुण आहेत आणि स्पष्ट बोलतात. महिनाअखेरची तारीख दिली आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की या वयात टेबलावरून परत येणं न येणं आमच्या हातात थोडंच असतं. मी मान डोलावली. परतताना माझी स्कूटर आपोआप त्या चार कॉलन्यांपलीकडच्या रस्त्याला लागली, तेव्हा मी ती मुद्दाम वळवून घरी आणली.

पण परवा सकाळी नाही वळवली. रात्रभर बाबा उशीला टेकून बसून होते, पाठ टेकली की घुसमटायचे. सकाळी आठला मी दुपट्टा गुंडाळून निघाले. दुकानदार तोच, केस पिकलेले. त्याने मला ओळखलं की नाही कोण जाणे, मांजरीचं काही विचारलं नाही. पुडकं स्कूटरच्या डिक्कीत टाकून मी घरी आले. एकदाच, असं मी स्वतःला बजावत होते. फक्त एकदाच. आपांनी सांगितल्याप्रमाणे.

बाबांना गोळ्या दिल्या. ते खुर्चीत बसले. दहा वाजले, पण त्यांनी डोळे मिटले नाहीत. मी दारात घुटमळत होते, तर म्हणाले, "बस इथे. आज गच्चीवर जाऊ नकोस."

 त्यांनी पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले, आणि विचारलं की तुम्हाला कधी कळलं. तेव्हाच, पहिल्याच दिवशी, असं ते म्हणाले. डोक्यावरून पिशवी फिरवलीस तेव्हा वास आला. डोळे उघडणार होतो, तर तुझ्या बांगड्यांचा थरथरता आवाज ऐकला आणि नाही उघडले. मग रोज दहा वाजता डोळे मिटून पडायचो. झोप कुठली लागते त्या वेळी? तुला सोपं जावं, म्हणून.

रजिस्टर त्यांच्या मांडीवर होतं. जुनं, चार वर्षांपूर्वीचं. 'कारण अज्ञात' असं लिहिलेल्या ओळीवर त्यांचं बोट होतं. आयुष्यात खोटा शेरा मारला तो एवढाच, म्हणाले. मग बराच वेळ धाप शांत होण्याची वाट बघत थांबले.

"मी बोललो असतो तर तू थांबली असतीस. ते दुसरं पिलू राहिलं असतं. पण मला जगायचं होतं गं."

मी चार वर्षं एकटीने उरावर वागवत होते ते ओझं. त्याचं दुसरं टोक रोज डोळे मिटून माझ्याच समोर बसलेलं होतं, आणि मला पत्ता नव्हता. मला रडू आलं, आणि राग आला, आणि बाबांचा हात हातात घ्यावासा वाटला. मी तो घेतला. गार होता.

"मग आता नाही का जगायचं?" मी विचारलं.

"जगायचंय की." त्यांनी दुर्बीण माझ्या हातात दिली. "पण या वेळी मला पिलं उडालेली बघायचीत."

मी दुर्बीण डोळ्याला लावली. पाण्याने आधी काहीच दिसेना. मग काटक्या दिसल्या, मग त्यांच्या कडेवरून बाहेर आलेलं आखूड शेपूट. बाईसाहेब अंड्यांवर बसल्या होत्या, उन्हाने चोच उघडी टाकून. खूप वर, निळ्या आकाशात, एक घार सावकाश फेरी घालत होती. ती नेहमीची असेल, नसेल. बाबाही तिच्याकडेच बघत होते. मला भीती वाटत होती, आता लिहितानाही वाटतेय. बाहेर उन्हात स्कूटर तापत होती आणि डिक्कीत ते पुडकं होतं.

आतल्या घड्याळात सव्वादहा झाले. मी स्टुलावरून उठले नाही.